टिटवीने अडवून धरलेली हाक

फार पूर्वी डोंगरावरची वानरं ओढ्यात हिरवी-पिवळी पानं सोडून खाली निरोप धाडत. काठावरची टिटवी ती वाचायची आणि ज्याचा निरोप असेल त्याला लगेच हाक द्यायची. सलग तीन पिवळी पानं म्हणजे पूर. ती हाक काठाच्या बिळात पिल्लं घेऊन राहणाऱ्या उंदरणीसाठी असे.

एकदा कावळा करवादला, "चार पानं दिसली की ओरडतेस! पुरता निरोप तरी येऊ दे."

टिटवी ओशाळली. दुसऱ्या दिवशी तीन पिवळी पानं तिच्या डोळ्यांदेखत वाहत गेली, पण मागून आणखी येत होती म्हणून ती गप्प राहिली. पानांपाठोपाठ गढूळ लोंढा आला.

उंदरीण एकटीच वर आली. "टिटवीताई, तुला कळलं होतं?"

"हो," टिटवी म्हणाली.

उंदरीण पाण्याकडे बघत राहिली.