मातीने बुजवलेलं भोक

पूर्वी वाराणसीत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्यात नव्हता. कितीतरी समुद्रांपलीकडे, जिथल्या किनाऱ्यावर दिवस सर्वांत आधी उगवतो, त्या पहाटेच्या देशात त्याने जन्म घेतला होता. तिथले लोक त्याला ग्लूस्काप म्हणत. भूर्जाची साल कशी सोलावी, तिची नाव कशी वाकवावी, शिकारीतला वाटा आधी म्हाताऱ्यांना कसा द्यावा, हे सगळं त्यानेच त्यांना शिकवलं होतं. त्याचा जुळा भाऊ माल्सुम मात्र आतल्या आत जळत असे. शिकारीचं मांस वाटण्याचं काम त्याच्याकडे होतं, पण वस्तीचं पुढारपण हाती आल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

त्या वस्तीत सिप्सिस नावाची तरुणी नावा शिवत असे. सिप्सिस म्हणजे पाखरू. नाव तिला शोभत होतं. मागून कोणी खोकलं तरी तिच्या हातातली आरी खाली पडे. पण शिवण अशी की थेंबभर पाणी आत यायचं नाही. झाडाच्या बारीक मुळ्यांनी ती साल शिवी आणि सांध्यांवर राळ, चरबी नि कोळशाचा काळा लेप भरी.

बर्फ वितळलं की पहिली नाव घेऊन ग्लूस्कापाने बेटांवर जायचं, असा रिवाज होता. समुद्र तेव्हा इतका गार असे की पाण्यात पडलेला माणूस परत येत नसे. नाव पुरी होण्याच्या आदल्या दिवशी माल्सुम सिप्सिसच्या शेजारी येऊन बसला.

"दोन भोकं ठेवायची," तो म्हणाला. "एक उघडं. ते त्याला सापडू दे. एक सापडलं की माणूस दुसरं शोधत नाही. दुसरं पुढच्या टोकाला, आणि त्यात राळेऐवजी काळी केलेली माती भर."

माती हवा अडवते, पण पाण्यात विरघळते. हे सिप्सिसला सांगावं लागलं नाही.

"मला नाही हो जमायचं," ती कशीबशी म्हणाली.

"तुझी आई अंथरुणाला खिळलीय ना गं? हिवाळ्यात मांस मीच वाटतो. हाडसुद्धा मिळायचं नाही तिला."

सिप्सिसने ते केलं. माती नीट बसली. कसबी हाताला वाईट कामही वाईट करता येत नाही.

सकाळी सगळी वस्ती किनाऱ्यावर जमली. नाव पालथी घालून, ती नेणाऱ्याने एकेका सांध्याला ओठ लावून हवा ओढायची, अशी तिथली पद्धत. हवा आली तर पाणीही येणार. आणि ज्याने मुद्दाम भोक ठेवलं, त्याला समुद्रातल्या उघड्या खडकावर सोडून यायचं, असा नियम.

ग्लूस्काप गुडघे टेकून एकेक सांधा तपासू लागला.

"एवढे मुके मला कधी दिले नाहीस रे," त्याची आजी म्हणाली. लोक हसले. सिप्सिसला हसू आलं नाही. पुढच्या टोकाला त्याने ओठ लावले आणि तो तसाच पुढे सरकला.

मग मधल्या सांध्यावर तो थांबला. त्याने मान वर केली.

"इथे राळ कमी पडली," तो म्हणाला.

"कमी पडली की ठेवली?" माल्सुम लगेच बोलला. "मुद्दाम केलंय तिने. खडकावर सोडा."

"का रे, नजरचूक की मुद्दाम?" आजीनेही विचारलं.

"ते मी विचारलेलं नाही," ग्लूस्काप म्हणाला. "सिप्सिस, राळ तापव. मी थांबतो."

तिने लेप भरला. ग्लूस्कापाने नाव उलटून पाण्यात लोटली.

"अरे, पुन्हा ओठ लावून बघ तरी," आजी म्हणाली.

"तिने लावलाय ना लेप? मग झालं."

त्याने एक पाय नावेत टाकला. सिप्सिस आईचा विचार करत होती, उपाशी आईचा. तिला खडक दिसत होता, माल्सुमचे डोळे दिसत होते. गप्प राहिलं तर सगळं सुटत होतं. पण ज्याने तिच्या हातावर जीव ठेवला होता, तो दुसरा पाय उचलत होता.

"थांबा," ती म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज वस्तीने कधी ऐकला नव्हता. "अजून एक आहे. पुढच्या टोकाला. माती आहे ती. माल्सुमदादांनी सांगितलं, नाहीतर आईला मांस देणार नाही म्हणाले, आणि मी केलं."

ग्लूस्काप खाली उतरला, नाव वाळूवर ओढली आणि बोटाने माती उकरून काढली. मग राळेचा खडा दातांनी फोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"दोघं मिळून भरू," तो म्हणाला. "आणि तुझ्या आईचा वाटा यापुढे माझ्या घरातून येईल. खडकावर कोणीही जाणार नाही."

माल्सुम काढता पाय घेत होता. ग्लूस्कापाने वल्हं त्याच्यापुढे धरलं.

"चल, पुढे बस. आता पाणी यायचं नाही."

माल्सुम बसला. बेटापर्यंत तो पाय पोटाशी घेऊन, तळाकडे बघत होता. थेंबही आला नाही. उतरताना तो एवढंच म्हणाला, "परतताना वल्हं मी मारतो."

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, कथा इथवर सांगितली आणि ते सभेला म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा माल्सुम म्हणजे आजचा माझा हेवा करणारा चुलतभाऊ देवदत्त. मुके मागणारी आजी म्हणजे हा माझा शिष्य आनंद. नावेत पाय टाकणारा मीच होतो. आणि सिप्सिस म्हणजे मागच्या रांगेतली भिक्षुणी सोमिला, जिने काल विहाराच्या रांजणाला गेलेली चीर मातीने बुजवून लपवली."

सोमिला दचकली. मग उठून, हात जोडून तिने स्वतःच सगळं सांगितलं. तिला कोणी रागावलं नाही.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे जो सद्गुण, पूर्णत्वाला नेली, तिचं नाव मैत्री.