हत्तीची राहिलेली कूस

वेशीवरचा हा हत्ती रस्त्यावरून पाहिलात तर काळाभोर, तुकतुकीत. वळसा घालून पलीकडे गेलात की नुसता मातकट, ओरखडलेला चुना. पाहुणे हसतात. गावाने रंगात हात आखडता घेतला असं त्यांना वाटतं. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

फार पूर्वी गावात दौलत नावाचा खराखुरा हत्ती होता, आणि उस्मान त्याचा माहूत. दौलतला नदीवर एका कुशीवर निजवायचं, काथ्याने घासायचं, मग कूस बदलायला लावायची, हा उस्मानचा रोजचा नेम. एकदा अशी आंघोळ चालू असतानाच वर डोंगरात पाऊस कोसळला आणि नदीतल्या बेटावर माणसं अडकली. उस्मानने दौलतला तसाच उठवला. माणसं वाचली, पण शेवटच्या खेपेला दौलत लोंढ्यात गेला. उस्मान कसाबसा काठाला लागला. त्या दिवसापासून त्याची वाचा बसली, असं सांगतात.

गावाने इथे विटाचुन्याचा हत्ती उभारला आणि रंगवायला घाटाखालून नारो चितारी आणला. नारोने दौलतला कधी पाहिलेलंच नव्हतं. तरी उस्मान 'हाच तो' म्हणेपर्यंत अन्न घेणार नाही, असं तो देवळात बोलून बसला. कलावंत माणूस, काय करता!

तिथून त्याच्या जिवाला थारा नाही. त्याने लालभडक झूल काढली, सुळ्यांना सोनेरी रंग दिला, कपाळावर वेल चढवली. उस्मान यायचा, बघायचा आणि तोंड फिरवायचा. की नारो सगळं खरवडून पुन्हा रंग कालवायला बसायचा. कुणी म्हणे दौलत राखेच्या रंगाचा होता, कुणी म्हणे तांबूस. विचारून विचारून त्याने लोकांना भंडावून सोडलं. शिडी चढायचा, काहीच न करता उतरायचा, हत्तीभोवती फिरत राहायचा. पोटात घोटभर दूध तेवढं. जत्रा तोंडावर आली तसे पाटीलही चिडले.

जत्रेच्या सकाळी त्याने झूल, वेल सगळं काढून टाकलं आणि साधी काजळी लावायला घेतली. एक बाजू होते न होते तोच हातातलं बळ सरलं. तो शिडीखाली बसून रडू लागला.

"त्या राहिलेल्या बाजूवर चादर टाका," पाटील म्हणाले.

तेवढ्यात उस्मान आला. काळ्या बाजूशी थबकला, तिला हात लावला. मग सावकाश पलीकडे गेला. ती कोरडी, धुळकट बाजू पाहिली आणि त्याच्या तोंडून शब्द फुटले, म्हणे.

"पाणी आणा. याची एक कूस राहिलीय."

काथ्या घेऊन तो घासू लागला, घासता घासता हुंदके देऊ लागला. नारो उठला आणि त्याच्या शेजारी उभा राहून तोही घासू लागला.

"हाच ना तो?" त्याने विचारलं.

"हाच. असाच अर्धा धुतलेला उठवला होता मी त्याला."

मग दोघांनी तिथेच बसून भाकरी खाल्ली. चादर कुणी टाकली नाही.

उस्मान होता तोवर रोज येऊन घासायचा. पुढे ते गावाने अंगावर घेतलं. आजही जत्रेच्या सकाळी काजळी एकाच बाजूला लागते, आणि दुसरी बाजू सगळं गाव पाणी घालून घासतं. दौलतला आता कूस बदलता येत नाही, म्हणून आम्हीच पलीकडे जातो.