कुंचीच्या बंदात बांधलेला वारा

एका राज्यात, समुद्राला पाठ टेकून बसलेल्या नगरात, वैशाख आला तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं की वारा नाही. पान हलेना. वाळत घातलेलं धोतर तीन दिवस ओलंच. मीठ बरणीत पाझरलं, माणसं अंगणात. राजा अरिंजयानं दवंडी पिटवली, "वाऱ्याचा चोर सापडला की त्याला नगराबाहेर काढू!" दवंडीचा मजकूर सांगताना शेजारी राणी वसुमाला बसली होती.

वारा तिनंच बांधवला होता.

माघात लेक झाली. बाळंतिणीला, बाळाला वारा लागू नये, म्हणून सगळ्याच घरी खिडकी लावतात. वसुमालेनं मांत्रिक बोलावला. त्यानं बाळाच्या कुंचीच्या बंदाला गाठ मारली, वारा एका घटात शिरला, घट त्यानं मिठागरात पुरला. ही गाठ सव्वा महिन्याची. दुसरी, फाल्गुनातल्या पहाटा सरेपर्यंत.

"आणि तिसरी कशाला, राणीसाहेब?" मांत्रिकानं विचारलं.

"असू दे."

पंखा घालणारी चिमणादाई तेवढी बोलली होती. "एक फट तरी ठेवा. लेकरू गुदमरतंय."

"तुला किती झाली, दाई?"

"अकरा."

"आणि जगली किती?"

दाईनं वाळ्याचा पंखा उचलला आणि ती गेली. तो प्रश्न मात्र राणीच्या महालातच राहिला.

आता लेकीच्या मानेत, काखेत घामोळं फुललं होतं. दोन दिवस तिनं दूध तोंडात धरलं नव्हतं. खिडकीत एक साळुंकी चोच उघडी टाकून धापा टाकत होती.

"मांत्रिकाला शोधू नकोस, तो मेला," साळुंकी म्हणाली. "गाठी तुझ्या, तूच सोडव. तीन कामं कर."

"सांग."

"भर दुपारी, अनवाणी, छत्राशिवाय मिठागरात जा. घट आण."

वसुमाला गेली. तळव्यांना फोड आले, खारं पाणी त्यांत झोंबलं. घट उचलला तशी तिकडे महालात कुंचीच्या बंदाची पहिली गाठ आपोआप सुटली.

"आता चौकात उभी राहा," साळुंकी म्हणाली, "आणि कुणी केलं ते सांग."

हे फोडांहून जड गेलं. राणीनं सगळ्यांसमोर सांगितलं. राजानं मान खाली घातली. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "पोरं आमच्याही घरी आहेत, राणीसाहेब." मग एक बाई पुढं आली. तिच्या हातात वाळ्याचा पंखा होता.

"मी चिमणादाईची लेक. आठ दिवसांपूर्वी उकाड्यानं आई गेली. शेवटी म्हणाली, राजकन्येला कुंचीत कोंबू नका म्हणावं, नुसतं जुन्या धोतराचं फडकं घाला."

"शिक्षा तू सांग," राजा तिला म्हणाला.

"आधी वारा सोडा, महाराज. शिक्षेनं आई येणार आहे होय?"

तिनं पंखा राणीच्या हाती दिला. दुसरी गाठ सुटली.

"तिसरं?" वसुमालेनं विचारलं.

"कुंची काढ," साळुंकी म्हणाली. "लेकीला तटावर ने. पहिला झोत तिच्या उघड्या डोक्यावरून जाईल."

राणी तटावर उभी राहिली. तिनं मनात शंभरदा सर्दी मोजली, ताप मोजला. मग कुंची काढली. घामानं चिकटलेलं जावळ उघडं पडलं. तिसरी गाठ सुटली.

वारा सुटला. झाडं हलली, नगरभर दारं आपटली. बाळ दचकलं, एकदा शिंकलं. वसुमालेचा हात कुंचीकडे गेला आणि तसाच थांबला. लेक तोंड उघडून वारा प्यायली, मग दूध.

राज्य पूर्ववत झालं. राजानं दवंडी मागं घेतली, लोकांनी राग गिळला. पण दर वैशाखात, वारा पडला की राणी मिठागराच्या वस्तीत जाते, कुणाच्या तरी पाळण्यापाशी बसते, वाळ्याचा पंखा भिजवून हलवते. कुणी म्हणतं, "पुरे आता, हात दुखतील." ती थांबत नाही.

वारा घटातून सुटला, उकाडा नगरावरून उतरला, कहाणी ऐकणाऱ्यांकडे गेली; चिमणादाईला विचारलेला प्रश्न तेवढा वसुमालेपाशी राहिला.