गवताचे अनुदान

फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका राज्यात गारपिटीने उभी पिके आडवी केली. राजा पालखीतून पाहणीला निघाला. मोडून पडलेली ज्वारी पाहून त्याचे डोळे भरून आले. "दरवर्षी पेरणी झाली की शेतकऱ्याला खजिन्यातून अनुदान द्या," त्याने हुकूम केला. "पीक बुडालं तरी माणूस बुडता कामा नये."

प्रधानाने विचारले, "जमीन ज्याच्या नावावर, तोच शेतकरी ना, महाराज?"

"दुसरा कोण असणार?" म्हणत राजाने पालखीचा पडदा ओढला. प्रधानाच्या स्वतःच्या जमिनी दुसरेच लोक कसत होते. त्याने हुकूम तसाच लिहून घेतला.

नदीकाठच्या एका गावात सगुणा नावाची विधवा निम्म्या वाट्याने शेत कसायची. बियाणे तिचे, बैल तिचे, मेहनत तिची. निम्मे धान्य मात्र मालकाच्या घरी जायचे. मालक माणकोजी राजधानीत राहायचा.

अनुदानाची दवंडी ऐकून तो गावात आला. "सगुणा, यातलं माझं शेत कोणतं गं?"

तिने त्याला गूळपाणी दिले आणि चारही बांध फिरवून दाखवले.

अनुदान माणकोजीच्या हातात पडले. सगुणा म्हणाली, "धनी, गारांनी माझाही वाटा नेला. यातलं थोडं मला द्या, बियाण्यापुरतं."

"जमीन माझी आहे."

"जमीन तुमचीच. पण पेरते मी, धनी."

ते बोलणे माणकोजीला झोंबले. गावच्या पाटलाने भीती घातली, "उद्या दरबारात जाऊन ती हेच बोलली तर? शेतात ती नसलेलीच बरी."

माणकोजीने तिला शेत सोडायला सांगितले.

"कालच शेणखत पसरलंय हो," सगुणा एवढेच म्हणाली. तिने बैल विकले आणि मुलीचा हात धरून गाव सोडले.

हळूहळू बहुतेक मालकांनी तसेच केले. मजुरांकडून चार मुठी बी फेकून घ्यायचे आणि परत फिरायचे. ना निंदणी, ना राखण. शेतात कमरेएवढे गवत माजले. पाहणीला आलेले अधिकारी रस्त्यावरूनच हिरवे रान बघत आणि अनुदान मंजूर करत.

बाजारात धान्य कमी येऊ लागले. राजा म्हणाला, "बिचाऱ्या शेतकऱ्याला अनुदान पुरत नसेल." त्याने ते दुप्पट केले. मग उरलेसुरले कसणारेही हाकलले गेले.

शेवटी बाजार ओस पडला. राजा नदीकाठच्या त्या गावी गेला आणि स्वतः माणकोजीच्या शेतात उतरला. गवत बाजूला करत तो या टोकाकडून त्या टोकाला गेला. एक कणीस सापडले नाही.

"इथे आधी पिकवत कोण होतं?" त्याने दरडावून विचारले. पाटलाने खाली मान घालून सगुणाचे नाव सांगितले.

शिपायांना ती राजधानीतच सापडली. राजाच्या नव्या धान्यकोठाराच्या भिंतीवर ती चुन्याची घमेली वाहत होती.

"चला बाई. महाराज जमीन तुमच्या नावावर करताहेत. बैलही देताहेत."

"आणि बियाणं?"

राज्यात बियाणे कुणाकडेच उरले नव्हते.

"माझ्याकडे होतं एक गाठोडं," सगुणा म्हणाली. "पोरगी तापात उपाशी पडली होती, तेव्हा शिजवलं. पोरगीही राहिली नाही."

तिने घमेले डोक्यावर घेतले आणि ती शिडी चढू लागली.

त्या वर्षी कोठार बांधून पूर्ण झाले. आत ठेवायला धान्याचा दाणा नव्हता, आणि पुढच्या पेरणीलाही नव्हता.

तात्पर्य : राबणारा कोण हे न पाहता वाटलेली मदत राबणाऱ्यालाच देशोधडीला लावते.