पलीकडचं कुलूप

आटपाट नगरं आजवर पुष्कळ झाली. हे आटपाट रान होतं. रानातून एक नदी वाहायची, आणि सगळ्या नद्यांना असते तशी तिलाही पलीकडची बाजू होती. रानाचा राजा अस्वल होता. पूर्वी वाघ होता, पण त्याला अभयारण्यात कायमची नोकरी लागली आणि गादी अस्वलाकडे आली. अस्वलमहाराज बहुतेक वेळ झोपलेले असत. झोपलेला राजा कोणाचं वाईट करत नाही, एवढ्यावर प्रजा खूश होती.

या रानात केरबा साळिंदराचं दुकान होतं. दोर, टोपल्या, कंदील, कुलपं, असलं सगळं तो विकायचा. माल दोन्ही काठांचा असायचा आणि केरबाची जीभही. पलीकडची वस्तू उचलणाऱ्याला तो सांगायचा, "बिनधास्त घ्या, पलीकडचं काम आहे." आपल्या काठची घेणाऱ्याला म्हणायचा, "बरं केलंत. पलीकडच्या मालाचं काय खरं, आज आहे तर उद्या नाही." खरी गोष्ट त्याला ठाऊक होती. चांगलं दोन्हीकडे निघतं आणि टाकाऊही दोन्हीकडे. पण असं सांगत बसलं तर दुकान चालत नाही.

सुगी झाली की सगळी जनावरं आपापली ज्वारी सरकारी कोठारात ठेवत. कोठार घूसबाईंच्या ताब्यात होतं. धान्य घुशीच्या हवाली का केलं, असं एका पारव्याने एकदा विचारलं होतं. "धान्याचा अनुभव तिच्याइतका दुसऱ्या कोणाला आहे?" असं खोकड प्रधानांनी उत्तर दिलं, आणि पारव्याला ते पटलंसुद्धा. कोठाराच्या दाराला केरबाने विकलेलं, पलीकडून आलेलं, नारळाएवढं कुलूप होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर कोठार उघडलं तर निम्मं रिकामं. केरबाची पोतीही गायब झाली होती. घरी बायको तानूबाई, चार पिल्लं, आणि समोर अख्खा पावसाळा.

खोकड प्रधानांनी लगेच चौकशी नेमली आणि लगेच संपवलीही.

"केरबा, हे कुलूप कुठलं?"

"पलीकडचं, साहेब."

"झालं तर मग. चोर सापडला."

झाडावरच्या सातभाई पक्ष्यांनी कलकलाट केला. त्यांना कशावरही कलकलाट करता येतो आणि प्रधानांना तो नेहमी उपयोगी पडतो. उद्याच्या सभेत आपण फसलो एवढं कबूल कर, म्हणजे नव्या कुलपांची दुकानदारी तुलाच देऊ, असं खोकडाने केरबाला बाजूला घेऊन सांगितलं.

केरबा घरी आला तो जवळजवळ राजी होऊनच. मालाला नावं ठेवणं त्याला नवं नव्हतं.

"काय बिघडतंय?" तो म्हणाला. "कुलपाला थोडंच वाईट वाटणार आहे?"

"कुलपाला नाही वाटायचं," तानूबाई म्हणाली. "पण कुलूप चोर ठरलं की खऱ्याला कोण शोधणार? आपली पोती काय ते कुलूप आणून देणार आहे?"

केरबाला रात्री झोप लागली नाही. धंद्यात सरळ बोलायची सवय नसली की पहिल्या वेळी फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी भर सभेत तो उभा राहिला. "पलीकडचं बरंच टाकाऊ येतं," तो म्हणाला. "मीच विकलंय, मला माहीत आहे. पण हे कुलूप चांगलं आहे. ते मोडलेलंही नाही आणि उघडलेलंही नाही. हवं तर ओढून बघा."

गव्याने शिंग अडकवून ओढलं. रानडुकराने दात लावला आणि दाताचा तुकडा पडला. कुलूप जागचं हललं नाही.

"बघितलंत?" खोकड प्रधान म्हणाले. "आपल्या रानात राहतं, आपल्या कोठाराला लटकतं, आणि आपल्या गव्याला दाद देत नाही. केवढी ही मग्रुरी."

कुलूप उघडलं असतं तर ते तकलादू ठरलं असतं, हे केरबाच्या आत्ता लक्षात आलं. त्या कुलपाची गत धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी होती. ते काढून नदीत टाकण्यात आलं.

नवं कुलूप प्रधानांच्या मेहुण्याने, उदमांजराने, तयार केलं. बाभळीचं लाकूड आणि वर चंदेरी रंग. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि "कुलूप आपलं, कोठार आपलं" असं म्हणत सातभाईंनी प्रदक्षिणा घातली. तेवढ्यात वारा आला आणि कुलूप उघडलं.

"हे वाऱ्यानं उघडतंय," केरबा म्हणाला.

"आपलं कुलूप आहे," खोकड प्रधान शांतपणे म्हणाले. "त्याचा आपल्या वाऱ्यावर विश्वास आहे."

त्याच संध्याकाळी फर्मान निघालं. आपल्या काठच्या मालाला नावं ठेवणं हा गुन्हा. पलीकडच्या मालाला नावं न ठेवणं हाही गुन्हा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आजवर घराघरात चालत होतं. आता त्याला कायद्याचा आधार मिळाला. केरबाचं अर्धं दुकान सील झालं. उरलेल्या अर्ध्या दुकानातली टोपली तळातून फाटकी निघाली, तर गिऱ्हाईक ती डोक्यावर घालून टोपी छान आहे म्हणत घरी जाऊ लागलं.

आणि पहिला पाऊस पडायच्या आत कोठार पार साफ झालं. दाणा उरला नाही.

आता केरबाचा संयम सुटला. भरदिवसा तो कोठारात शिरला, जमिनीवर अंथरलेल्या चटया त्याने उचलून फेकल्या, आणि खाली भगदाड दिसलं. भगदाड कसलं, राजमार्गच होता. केरबाने सगळ्यांना हाका मारल्या. महाराजांनाही उठवलं. सगळी मिरवणूक त्या भगदाडातून चालत गेली ती थेट घूसबाईंच्या ओसरीवर निघाली. घूसबाई पोत्याला टेकून पान खात होत्या. पोत्यावर केरबाची खूण होती.

केरबाला फार बरं वाटलं. सत्य आणि आपला फायदा आयुष्यात पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते.

एका सातभाईने दबक्या आवाजात विचारलं, "पण हे भगदाड कुठलं?"

"इथलं," केरबा ठणकावून म्हणाला. "आपल्या काठचं. आपल्याच घूसबाईंनी, आपल्याच मातीत, स्वतःच्या नखांनी पाडलेलं. पलीकडच्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही."

आता काही सांगायचं उरलं नाही असं त्याला वाटलं, आणि तिथेच त्याचं चुकलं.

खोकड प्रधानांनी घसा साफ केला. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "एवढं मोठं काम, पलीकडची काडीचीही मदत न घेता, आपल्या रानात झालं?"

जनावरांनी एकमेकांकडे पाहिलं. गव्याने भगदाडाच्या भिंतीवरून शिंग फिरवलं आणि काम गुळगुळीत असल्याचं मान्य केलं. पारव्याने भगदाडाला वाकून नमस्कार केला. अशी वस्तू पलीकडे कुणाला जमायची नाही, असं रानडुक्कर म्हणालं, आणि सातभाईंनी सुरू केलं, "कुलूप आपलं, कोठार आपलं, भगदाड आपलं."

"अहो, माझी पोती," केरबा म्हणत होता. पण फर्मान लागू होतं आणि भगदाड आपल्या काठचं होतं, तेव्हा त्याला नावं ठेवता येत नव्हती.

आठवडाभरात घूसबाईंचा जाहीर सत्कार झाला. महाराज शाल घालण्यापुरते जागे झाले. प्रधानांनी भाषणात प्रत्येक कोठाराला एक भगदाड देण्याचं वचन दिलं. नंतर जेवणाच्या पंगती बसल्या. केरबाला जायचं नव्हतं, पण घरात चूल पेटली नव्हती, म्हणून तो पिल्लांना घेऊन कोपऱ्यात बसला. भाकरीचा पहिला घास घेतला आणि त्याने ओळखली. मुरमाड उतारावर त्यानेच पिकवलेली ज्वारी, तोच गोडवा. त्याच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. ओरडावंसं वाटलं. पण पिल्लं मान खाली घालून अधाशासारखी खात होती, आणि तानूबाईने तोंडावर बोट ठेवून दोन भाकऱ्या पदराआड सरकवल्या.

"भाकरी झकास आहे," शेजारचा गवा म्हणाला.

सगळे पोटभर जेवले. ज्वारी कुठली, हे मात्र त्या दिवशी कोणीच विचारलं नाही.