फेसाईला नाव सांगावं लागतं

वेसखोलच्या खाडीच्या तोंडाशी फेसाईचं ठेंगणं देऊळ आहे. तिथे नवस बोलणारी बाई आधी स्वतःचं नाव खणखणीत आवाजात घेते, मग मागते. पाहुण्यांना हसू येतं. तेव्हा पुजारी हरबा तांडेल त्यांना पायरीवर बसवून गोमायची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं या खाडीत येत. एका वादळात गोमायच्या नवऱ्याने, धाकू तांडेलाने, बुडत्या यवनांना वाचवलं, म्हणून त्यांनी आपल्या देवीची संगमरवरी मूर्ती त्याला दिली. अफ्रोदिती तिचं नाव. समुद्राच्या फेसातून जन्मली, माणसांच्या मनात प्रेम घालते, असं त्यांनी खाणाखुणा करून समजावलं म्हणे. गावाने तिची फेसाई केली.

गोमायच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. धाकू तिला मारीत नव्हता, उपाशी ठेवीत नव्हता, पण कधी मान वर करून बघतही नव्हता. जेवायचा आणि जाळी उचलून चालू लागायचा. त्याने एकदा मायेने हाक मारावी, एवढंच त्या बिचारीला हवं होतं. तिने नऊ दिवस उपास केले, असं सांगतात. दहाव्या दिवशी नवऱ्याला घेऊन ती ओटी भरायला आली. ताट धरायला धाकटी बहीण चिमाय होती.

"आई, ह्यांच्या मनात प्रेम घाल," गोमाय म्हणाली. कुणाविषयी, ते बोललीच नाही. स्वतःसाठी तोंड उघडून मागायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. आपल्या गावदेवीला एवढं फोडून सांगावं लागत नाही. फेसाई पडली परकी. कानावर आलं तेवढंच तिने दिलं. धाकूने मान वर केली, ती नेमकी चिमायकडे.

महिन्याभरात चिमाय सवत होऊन घरात आली. धाकू दिवसभर तिला हाका मारी आणि गोमाय चुलीपाशी बसून ऐके. एकदा ती मूर्ती फोडायला दगड घेऊन गेली. पण देवीने तर मागितलेलं दिलं होतं, तिला बोल कसा लावणार? दगड टाकून ती परतली आणि बहिणीच्या बाळंतपणाचं पाणी तापवायला बसली.

आजही या देवळात बाई आपलं नाव घेतल्याशिवाय काही मागत नाही. गोमायला मूलबाळ झालं नाही.

"आम्ही सगळे तांडेल चिमायचे," हरबा सांगतात. "पितरांना पान वाढताना तिचं नाव घेतो. गोमायचं घ्यायची आमच्यात रीत नाही."