मागच्या वर्षीचा आंबा

“मग माझं चुकलं तरी कुठं, बुवा?”

यमुताई पाटणकरांनी वाटेत बाजारातून उचललेली रायवळ आंब्यांची टोपली मठाच्या पायरीवर दाणकन टेकवली. बाहेर स्टँडकडे निघालेल्या रिक्षात त्यांची लेक मुग्धा गाल फुगवून बसली होती. चांगली महिनाभर राहायला म्हणून माहेरी आलेली, आणि चार दिवसांत निघाली. वर म्हणे, पुढच्या मे महिन्यात येणारच नाही!

धोंडबुवा सुपारी कातरत होते. म्हातारा मोठा मिश्कील.

“भांडलात?”

“छे हो! उलट तिच्यासाठीच तर मरमर मरते. भाव उतरला की स्वस्तात टोपल्या उचलते. रस काढून पिशव्यांत भरते, पिशव्या आडव्या गोठवते आणि मग पुस्तकांसारख्या उभ्या लावते. फ्रीजरात बोटभर जागा वाया जाईल तर शपथ! अख्खी आळी शिकायला येते माझ्याकडे. महागाचं फळ म्हणून आमच्या घरात येत नाही.”

“वा! मग सध्या घरात कुठला रस चाललाय?”

“मागच्या वर्षीचा. तो संपल्याशिवाय जागा कशी होणार?”

“आणि हा टोपलीतला?”

“हा पुढच्या वर्षी.”

यमुताई बोलल्या मोठ्या तोऱ्यात...

आणि बोलता बोलताच त्यांची नजर रिक्षाकडे गेली.

ऐन आंब्याच्या दिवसांत लेक माहेरी आली, आणि आपण तिच्या वाटीत वर्षाचा शिळा, पाणचट रस वाढला!

बुवांनी तोवर टोपलीत हात घातला होता. सगळ्यांत पिकलेला आंबा निवडला, तळव्यांत मऊ केला, देठाकडचा चीक पिळून टाकला आणि चोखायला सुरुवात केली. रस दाढीवरून पार कोपरापर्यंत!

“अहो बुवा, तो फ्रीजरसाठी...”

बुवा कसले ऐकतायत.

यमुताई जरा घुटमळल्या. मग त्यांनी पदर खोचला, टोपली उचलली आणि तडक रिक्षा गाठली.

“मुग्धे, चुकलं गं माझं. हा घे, चोख.”

मुग्धाने तोंड फिरवलं. पण रायवळचा तो वास... किती वेळ फिरवून ठेवणार?

थोड्या वेळानं मायलेकी मठाच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून आंबे चोखत होत्या. रिक्षावाल्यालाही वाटा मिळाला. बॅग रिक्षातून खाली उतरली.

“पुढच्या मेमध्ये लवकरच येते गं, आई,” मुग्धा भरल्या तोंडानं म्हणाली.

यमुताईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात टोपलीचा तळ दिसला, आणि सवय कुठली गप्प बसायला!

“अगंबाई! बुवा, आता पुढच्या वर्षाला काहीच उरलं नाही की हो!”

बुवांनी चाटूनपुसून साफ केलेली कोय त्यांच्या ओंजळीत ठेवली.

“ही तेवढी फ्रीजरात ठेवू नकोस, यमू.”